कोकण, बदल आणि पोटापाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिबिरात, बचत गटाच्या बैठकीत, एसटीत शेजारी बसलेल्या माणसाकडून आणि सगळ्यात जास्त व्हॉट्सॲपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिले, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे मुख्यतः दोन तऱ्हेचे. एक, मुंबई-पुण्याहून परतून गावात काहीतरी करू पाहणारी तरुण मंडळी. दुसरी, "हे काय नवीन काढलंस?" म्हणणारी त्यांची घरची माणसं. प्रश्न आले तसेच ठेवले आहेत, फक्त शुद्धलेखन सुधारलं. तेच उत्तर दोनदा वाचावं लागू नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाकडे बोट दाखवलं आहे.

१. शाश्वत अर्थव्यवस्था वगैरे शब्द हल्ली ऐकतो. पण कोकणी माणूस पूर्वीपासून तसाच जगत आला ना?

अर्धं खरं. झावळाची झापं, हिराची केरसुणी, करवंटीची डवली, सोडण (नारळाची साल) चुलीत: माडाचं काहीच वाया न घालवणारी घरं मीही पाहिली आहेत. पण त्याच घरात महिन्याच्या दहा तारखेला पोस्टमनची वाट पाहिली जायची. गावचा खर्च मुंबईच्या गिरण्यांतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चालायचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि ती रसद तुटली, तेव्हा आपलं 'स्वावलंबी' गाव किती स्वावलंबी होतं ते उघडं पडलं. शिवाय जुन्या काटकसरीतला बराच भाग नाइलाजाचा होता. खोती, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोताची पद्धत, रद्द करणारा कायदा १९४९ चा. तोवर कसणाऱ्याच्या हाती उरायचंच किती?

म्हणून मी व्याख्या साधी ठेवतो. गावातलं पाणी, माती, मासळी न संपवता आणि प्रत्येक घरातून एकाला मुंबईला न धाडता पोट भरलं, तर ती व्यवस्था टिकाऊ. या मापानं जुनं कोकणही पास होत नाही.

२. तंत्र चांगलं असेल तर लोक घेतातच. यात संस्कृती कुठून आली?

घरातलंच सांगतो. कुडाळ तालुक्यात आमच्या मोठ्या काकीच्या परसात घुमटाचा गोबरगॅस बांधला, दोन घनमीटरचा. त्याला रोज साधारण पन्नास किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं; चार-पाच माणसांचा स्वयंपाक त्यावर निघतो. आमची गुरं गावठी, अंगानं लहान. शेण पुरणार नाही हे गवंड्याच्या लक्षात आलं, म्हणून त्यानं शौचालयाची नळीही टाकीला जोडून दिली. विज्ञानाच्या दृष्टीनं यात काहीच चूक नव्हती. हवेशिवाय कुजताना शेणातून सुटतो तोच मिथेन मैल्यातूनही सुटतो, आणि ज्योत दोघांची निळीच.

तीन आठवड्यांनी शेगडी पेटली. काकीनं तिच्यावर आंघोळीचं पाणी तापवलं, गुरांचं आंबोण शिजवलं. चहा मात्र चुलीवरच. विचारलं तर म्हणाली, "त्या गॅसार देवाचो निवेद कसो करू रे?" वाद कुणी घातला नाही. दोन महिन्यांनी पाहिलं तर शौचालयाच्या नळीच्या तोंडाशी सिमेंटचा गोळा बसला होता. कुणी बसवला हे अजूनही कुणी कबूल केलेलं नाही. त्या आठवड्यापासून पेज, भात, नैवेद्य सगळं गॅसवर.

शेण अर्थातच कमी पडायला लागलं. मग शेजारच्या दोन घरांतून सकाळी टोपली येऊ लागली आणि बदल्यात त्यांच्या माडांना इथली स्लरी (टाकीतून निघणारं पातळ खत) जाऊ लागली. ही देवघेव कुठल्या योजनेच्या पुस्तिकेत नव्हती. काकीच्या सोवळ्यातून ती निघाली. मला या सगळ्या विषयात सांगायचं आहे ते एवढंच: यंत्र नंतर चालतं. आधी घरात आणि वाडीत ठरावं लागतं की कुठलं काम कुणी करायचं, त्यात कमीपणा कशाचा आणि वाटा कुणाचा. ते ठरवताना लोक जी तडजोड शोधतात, तिलाच मी नवा शोध म्हणतो.

३. या विषयात कणकवलीच्या गोपुरी आश्रमाचं नाव नेहमी येतं. का?

अप्पासाहेब पटवर्धनांमुळे (१८९४–१९७१). त्यांना कोकण गांधी म्हणत. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी भंगीकाम करू द्या अशी मागणी केली. ती नाकारली गेली म्हणून त्यांनी अन्न कमी केलं आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही त्या डिसेंबरात उपवास धरला. पुढे १९४८ साली कणकवलीजवळ गोपुरी उभी राहिली. तिथे मैल्याचं खत करणारे संडास झाले, मेलेल्या जनावरांची कातडी सोडवून कमावण्याचं काम झालं. जन्मानं ब्राह्मण असलेल्या माणसानं हे हातानं केलं.

आता शहरात ज्याला चक्राकार अर्थव्यवस्था (टाकाऊ ते पुन्हा वापरात आणणारी) म्हणून व्याख्यानं होतात ते सोनखत अप्पांनी सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी करून दाखवलं. पण त्यांचा रोख खतापेक्षा जातीवर होता. सफाई एका जातीच्या डोक्यावर टाकलेली असेल तोवर बाकीचे त्या तंत्राला हात लावणार नाहीत, हे त्यांना कळलं होतं. काकीचा सिमेंटचा गोळा (प्रश्न २) पाहिला की ते काम अजून पुरं झालेलं नाही, हेही कळतं.

४. म्हणजे संस्कृती हा अडथळाच समजायचा?

नाही. कोकणातलं उरलंसुरलं जुनं रान बहुतेक देवाच्या नावावर टिकलंय. देवराईतली काटकीही राखणदाराला विचारल्याशिवाय उचलायची नाही, झाड तोडायचं तर देवाला कौल लावायचा, उजवा प्रसाद मिळाला तरच कुऱ्हाड. भीतीपोटी असेल, पण त्या रानाखालचे झरे वैशाखातही वाहतात आणि ढोलीत धनेश पक्षी घर करतो.

समुद्रावर तेच काम नारळी पौर्णिमेनं केलं. पावसाळ्यात, मासळीच्या विणीच्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर आणि श्रावणी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्यावरच दर्यात. सरकारची १ जून ते ३१ जुलैची बंदी त्याच चाकोरीत बसते, तंतोतंत मात्र नाही. २०२३ साली अधिक श्रावण होता, नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला आली आणि बंदी तर महिनाभर आधीच उठली होती. थांबायचं कुणासाठी, देवासाठी की परिपत्रकासाठी, असा पेच बंदरावर पडतो तो असा.

देवाच्या धाकाची दुसरी बाजू प्रश्न १५ मध्ये आहे. ती वाचल्याशिवाय देवराईवर फार भाळू नका.

५. वेळासला कासवांचं नेमकं काय झालं? अंडी खाणारं गाव अंडी राखायला कसं लागलं?

वेळास मंडणगड तालुक्यातलं, नाना फडणवीसांचं गाव. ऑलिव्ह रिडले माद्या हिवाळ्यात रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत खड्डा करतात आणि शंभराच्या आसपास अंडी घालून परत जातात. ती अंडी कोल्हे-कुत्र्यांनी खाल्ली नाहीत तर माणसं उकरायची. कायदा १९७२ पासून होता. किनाऱ्यावर त्याला विचारत कोण होतं?

२००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं, भाऊ काटदरे यांच्या पुढाकारानं, तिथे काम सुरू केलं. घरटी शोधायची, अंडी कुंपणाच्या आत त्याच खोलीवर पुरायची, पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघाली की समुद्राकडे सोडायची. शोधायला माणसं कोण? वाळूवरचा माग ज्यांना वाचता येतो, तीच गावातली माणसं. पहाटे किनारा पालथा घालण्याचं कसब तेच राहिलं, फक्त ते चोरीचं न राहता मानाचं झालं. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, घराघरांत पाहुणे उतरू लागले आणि पडवीत चटई अंथरून जेवू घालण्याचेही पैसे मिळतात हे बायकांना कळलं.

लोक मला सांगतात, "पैसे दिसले म्हणून लोक सुधारले." क्रम उलटा आहे. काम २००२ चं, पाहुणे २००६ चे. मधली चार वर्षं पैसा दिसत नव्हता. २०२२ साली वेळास, आंजर्ले आणि गुहागरच्या किनाऱ्यावर पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली. त्यांची नावं प्रथमा, सावनी, लक्ष्मी, रेवा आणि वनश्री. जिची नुसती अंडीच विकायची, तिला कुणी नाव देत नाही. मला त्या यंत्रापेक्षा ही नावंच जास्त बोलकी वाटतात.

६. आम्हालाही गावात असा महोत्सव करायचाय. पण आमच्याकडे कासवं येत नाहीत.

मग करू नका. वर्षभरात तीन गावांनी मला हे विचारलं आणि तिघांच्याही गावात दुसरं काहीतरी होतं. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बायकांचा गट होडी वल्हवत पाहुण्यांना तिवरांतून फिरवतो. तीच बाई आदल्या वर्षीपर्यंत त्याच खाडीत कालवं काढत होती. राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवर (कातळाच्या उघड्या पठारांवर) कातळशिल्पं आहेत, २०२२ साली ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. उक्षी गावचा कातळात कोरलेला हत्ती जाऊन बघा. गुराख्यांना ती चित्रं कधीपासून माहीत होती, आपण त्यांना विचारलं नव्हतं.

७. चिखलणी न करता, नांगर न लावता भात होतो म्हणतात. वडील ऐकायला तयार नाहीत.

होतो. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचं सगुणा राइस तंत्र, लोक एसआरटी म्हणतात. एकदाच गादीवाफे करायचे, साच्यानं भोकं पाडून बी टोकायचं. चिखल नाही, तरवा (रोपवाटिका) नाही, लावणी नाही. कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची, पुढच्या वर्षी नांगरायचं नाही. मुळं कुजून जमीन भुसभुशीत होते, पाणी साठून न राहिल्यानं मिथेन कमी, आणि रोपांच्या जागेवर राब भाजायला डोंगरातल्या झाडांच्या फांद्या तोडाव्या लागत नाहीत.

वडिलांचं म्हणणं मात्र नीट ऐका. लावणी हे आपल्याकडे नुसतं काम नव्हतं. आज माझ्या शेतात दहाजणी, उद्या तुझ्या शेतात, बांधावर भाकरी, चिखलात थट्टा. ती गेली की वाडीतलं एकमेकांकडे जाणंही जातं. आता लावणीला माणसं मिळत नाहीत, जी मिळतात ती मजुरीनं, म्हणजे ते जाणं तसंही संपलंच आहे. पण ते बोलून दाखवणं बापाला जड जातं. एक कुणगा (शेताचा तुकडा) यंदा स्वतःच्या जबाबदारीवर मागून घ्या, बाकी त्यांच्या पद्धतीनं होऊ द्या.

एक खटकणारी गोष्टही सांगतो. यात तण मारायला बरेचजण तणनाशकावर विसंबतात. ओढ्याच्या कडेच्या शेतात ते मारू नका. खालच्या डबक्यात बेडूक आणि कुर्ल्या आहेत.

८. हापूसची बाग म्हणजे शाश्वत शेतीच ना? झाडंच तर लावलीत.

झाडं लावली हे खरं. १९९० साली रोजगार हमीला जोडून फळबाग लागवडीची योजना आली आणि उघडे वरकस डोंगर आंबा-काजूनं भरले. त्यानं कोकणाचं भलंच झालं. पण डोंगरभर एकच जात लावली की रोगाला आणि अवकाळी पावसालाही एकच निशाणा मिळतो. वर्षाआड येणारं पीक दरवर्षी यावं म्हणून कल्टार हे मोहोर आणणारं रसायन वापरतात. मापात आणि खतपाण्यासह दिलं तर ठीक, करारानं बाग घेतलेला माणूस मात्र पाच वर्षांपलीकडे कशाला बघेल?

यातली गंमत अशी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या केंद्रानं १९८१ साली नीलम आणि हापूसच्या संकरातून 'रत्ना' काढला. त्यात साका (हापूसच्या गरात होणारा पांढरा, आंबट, स्पंजासारखा भाग) पडत नाही. फळ मोठं, चवीला छान. शास्त्रानं हापूसची दुखरी नस बरी केली आणि बाजार म्हणाला, "हापूस आहे का?" २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन (ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क) मिळालं, तसं नावाचं वजन आणखी वाढलं. पेटीवरचं नाव आपण खातो, आंबा नंतर. याला उपाय विचाराल तर माझ्याकडे एवढाच आहे: बागेतली दहा-वीस झाडं वेगळ्या जातीची ठेवा आणि ती ओळखीच्या गिऱ्हाइकाला चाखायला द्या.

९. काजूची बोंडं कुजून जातात. काही करता येईल का?

बीच्या कितीतरी पट वजनाचं हे फळ, त्यात संत्र्याहून जास्त क जीवनसत्त्व, आणि आपण बी पिळून काढली की ते झाडाखाली फेकतो. रस तुरट लागतो, घसा खवखवतो. साबुदाण्याची पेज घालून तो तुरटपणा खाली बसवता येतो आणि मग सरबत, सिरप चांगलं होतं. तंत्र इतकं सोपं आहे. अडतं दोन ठिकाणी. गोव्यानं फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळवून तिचा बडेजाव केला. गोव्याच्या सीमेवरच्या बांद्याच्या अलीकडे मात्र बोंडूचं नाव काढलं की लोकांना हातभट्टी आठवते आणि परवान्याशिवाय ऊर्ध्वपातन गुन्हाच आहे. बचत गटातल्या बायका बोंडूचं काही करायला कचरतात त्या म्हणून. "लोक काय म्हणतील" याचा खर्च कुठल्याही प्रकल्प अहवालात धरलेला नसतो.

दुसरी अडचण वेळेची. बोंडू दुसऱ्या दिवशी आंबतो. बागेपासून तासाभरात पोचता येईल इतक्या जवळ रस काढायची सोय नसेल तर नाद सोडा.

१०. बचत गटानं खरंच काही बदलतं का, की नुसते पापड-लोणची?

आमसुलांचं बघा. रातांबे फोडायचे, साल सुकवायची, मिठाच्या रसात बुडवून परत सुकवायची, अशी पुटांवर पुटं. हे काम कोकणातल्या बाईनं पिढ्यान्‌पिढ्या केलं आणि त्याची मजुरी शून्य धरली गेली, कारण ते 'घरातलं'. गटात तेच काम आलं की पहिल्यांदा वहीत तास लिहावे लागतात. त्या वहीनं घरात जेवढी भांडणं लावली तेवढी दारूनंही लावली नसतील. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली मानांकन मिळालं, पण त्या शिक्क्याहून मला ही वही मोठी वाटते. पापड-लोणच्यांना हसू नका, हिशेब कुणाच्या हातात आहे ते विचारा.

११. जमीन आहे, पण सातबाऱ्यावर सदतीस नावं. काहीच करता येत नाही.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. सौर पंप असो, शेततळं असो, होमस्टे असो, गाडं इथेच अडतं. सहहिस्सेदारांची संमती हवी. एक डोंबिवलीला, एक बडोद्याला, एकाचा पत्ताच नाही.

कायद्यानं वाट आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ८५ खाली सगळे राजी असतील तर तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. पण माझा अनुभव असा की कागदाआधी अडतो तो शब्द. 'वाटणी' म्हटलं की घर मोडलं असं थोरल्यांना वाटतं. आमच्या ओळखीच्या एका घरानं वाटणी हा शब्दच काढला नाही. गणपतीत सगळे जमतात तेव्हा आरतीनंतर कागद काढला: 'कोण कुठलं राखणार'. देवघर, विहीर आणि पाणंद सामाईक, बाकी ज्यानं त्यानं राखायचं. राजी न होणारे दोघे होते; त्यांचा हिस्सा मोजून बाजूला ठेवला. पुढच्या वर्षी त्यातल्या एकानं सही केली. दुसरा अजून बोलत नाही.

सगळे राजी नसतील तर दिवाणी दावा, आणि तो किती वर्षं चालतो ते तुमच्या वाडीत कुणालाही विचारा.

१२. मुंबईकरांचा यात उपयोग की त्रास?

दोन्ही. वाडीची मुंबईत मंडळं आहेत, पूर्वी लालबाग-परळला गावकऱ्यांची एकेक खोली असायची. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली आणि गाव एका रात्रीच्या अंतरावर आलं. २०२० च्या टाळेबंदीत बरेचजण परतले, काही राहिले. ते बाजारपेठ आणतात, हिशेब नीट लिहितात. त्रास तेव्हा, जेव्हा वर्षातून दहा दिवस येणारा माणूस उरलेल्या ३५५ दिवसांचे निर्णय घेतो.

१३. पारंपरिक मासेमारी म्हणजे शाश्वत आणि पर्ससीन म्हणजे विनाश, असं सरळ आहे का?

पर्ससीनच्या बाबतीत बरंचसं. थव्याला वेढा घालून खालून आवळणारं ते जाळं आख्खा थवा उचलतं. २०१६ च्या फेब्रुवारीत राज्यानं त्यावर निर्बंध आणले. त्यासमोर रापण ठेवा. होडीनं अर्धगोल जाळं टाकायचं, दोन्ही टोकं किनाऱ्यावरून ओढायची, आणि दोरीला हात लावणाऱ्या प्रत्येकाला वाटा, मग तो होडीवाला असो की शाळा बुडवून आलेला पोर. रापणीत मासे कमी येतात, पण वाटेकरी जास्त.

पण परंपरेला सरसकट प्रमाणपत्र देऊ नका. डोल जाळं (प्रवाहात रोवून ठेवलेलं पिशवीसारखं जाळं) पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे आणि त्याच्या बारीक आसात पापलेटची पिल्लं सापडतात. २०२३ साली चंदेरी पापलेट राज्यमासा झाला, त्याच वर्षी ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरली. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर. बाजारात तळहाताहून लहान पापलेट स्वस्त मिळतंय म्हणून घेणारे आपणच. कायदा त्या टोपलीपाशी उभा नसतो, गिऱ्हाईक असतं.

१४. शाडूच्या गणपतीकडे परत जाणं म्हणजे मागे जाणं नाही का?

तळकोकणात घरोघर नागपंचमीच्या सुमारास गणपतीचा पाट शाळेत पोचवायची रीत आहे. शाळा म्हणजे मूर्तिकाराचा मांड. पाटावर माप असतं, घराण्याचा रंग, बैठक मूर्तिकाराला पाठ. वर माटवीला (गणपतीवरच्या लाकडी चौकटीला) कवंडळ, हरण, शेरवाड, रानातलं जे त्या आठवड्यात पिकलंय ते. प्लास्टरची मूर्ती हलकी, स्वस्त, चकचकीत म्हणून शिरली आणि ती पाण्यात विरघळत नाही हे दुसऱ्या दिवशी ओहोळात दिसलं. माती परत आणताना आता नवं काही करावंच लागतं: विसर्जनानंतरची माती गाळून पुढच्या वर्षी तीच वापरणारे मूर्तिकार आहेत. याला मागे जाणं म्हणायचं तर म्हणा.

१५. आमच्या देवराईतच देवळाचा जीर्णोद्धार चाललाय, झाडं तोडतायत. देवाच्या कामाला विरोध कसा करायचा?

सगळ्यात अवघड प्रश्न, कारण इथे तोडणाराही भक्तच असतो. प्रश्न ४ मध्ये देवाच्या धाकानं रान राहिलं असं म्हटलं. तोच देव आता सिमेंटच्या सभामंडपात, टाइल्सवर देणगीदारांची नावं, पुढे गाड्या लावायला मैदान. पैसा बहुतेक मुंबई मंडळाचा (प्रश्न १२). पूर्वी देव रानाचा होता, आता रान देवळाच्या आवारात येतं म्हणून अडचणीचं.

भाषण करू नका, हरित लवादाचं नाव तर पहिल्या बैठकीत घेऊच नका. एका गावात उपयोगी पडलं ते असं: गुरव आणि मानकऱ्यांना सांगितलं की झाडांसाठी स्वतंत्र कौल लावा, देवळाच्या कौलात झाडं धरू नका. कौल लागला तो डावा. कंत्राटदारानं नकाशा बदलला. प्रसाद उजवा लागला असता तर काय, हे मला त्या रात्री झोपू देत नव्हतं. म्हणून आणखी एक उपाय आधीच करून ठेवा: झाडं मोजा, नावं आणि घेर लिहा, आणि ती यादी देवळाच्या भिंतीवर लावा. यादीतलं झाड तोडायला माणूस जरा थबकतो.

१६. रिफायनरी, अणुवीज यांना विरोध करणारे विकासाच्या विरोधात आहेत का?

एन्‍रॉनच्या वीज प्रकल्पापासून हे ऐकतोय. जैतापूरचे ९९०० मेगावॉट, नाणारची रिफायनरी, तिची अधिसूचना २०१९ ला रद्द, मग त्याच रिफायनरीसाठी बारसू. मी स्वतः विरोधकांच्या बाजूला झुकतो, हे सांगून टाकतो. पण मला खटकतं ते नुकसानीचं माप. सातबाऱ्यावर आंब्याची कलमं दिसतात, त्यांना भाव मिळतो. सड्यावरचं गवत, खाडीतली कालवं, जाळं टाकायची जागा कुणाच्याच सातबाऱ्यावर नाही, त्यामुळे मोबदल्याच्या तक्त्यात तिला रकाना नाही. दुसरीकडे, पोराला बीएस्सीनंतर गावात काम नाही म्हणून प्रकल्पाकडे बघणाऱ्या आईलाही विकाऊ म्हणू नये. तिला दाखवायला आपल्याकडे काय आहे?

१७. होमस्टे काढतोय. निसर्गाच्या सान्निध्यात, म्हणजे पर्यावरणपूरकच झाला ना?

सान्निध्यात असला की निसर्गाला जास्त जपावं लागतं. आपला जांभा सच्छिद्र. चार खोल्यांचा शोषखड्डा विहिरीपासून निदान पंधरा मीटर लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा; कातळात भेगा असतील तर त्याहून लांब. पाऊस तीन हजार मिलिमीटर पडतो आणि मे महिन्यात टँकर येतो, कारण पाणी उतारावरून थेट समुद्राला मिळतं. पाहुणा शहरातल्या सवयीनं दोनदा शॉवर घेतो, शेजारीण कळशीवर दिवस काढते. बंदी घालू नका, बादली ठेवा. का ठेवली ते सांगितलं की बहुतेक पाहुणे ऐकतात.

खोल्या बांधण्याआधी शेजाऱ्यांना बोलवा आणि एक गोष्ट त्यांच्यासमोर वहीत लिहून काढा: विहीर आटली की टँकर कोणाच्या पैशानं येणार आणि पहिली कळशी कोणाची.